पोत्यामागे काय सुटलं?

बेकरीवाल्यांच्या बिलांची पिशवी मी न उघडता ओळखते. वनस्पती तुपाचा वास कागदात मुरलेला असतो आणि पिशवी टेबलावर पालथी केली की बिलांच्या आधी मैदा सांडतो. ऑफिसातला मुलगा या पिशव्या मुद्दाम सगळ्यात शेवटी घेतो. नंतर कीबोर्ड पुसत बसावं लागतं म्हणतो.

मी मिरजेत कर सल्लागार आहे. वडील व्यापाऱ्यांच्या वह्या लिहायचे, त्यांच्या वेळच्या काही बेकऱ्या अजून आमच्याकडे आहेत. मिरज हे दवाखान्यांचं गाव. वॉनलेस साहेबांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय उभं केलं, त्यानंतर आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून पेशंट येतच राहिले. पेशंटबरोबर आलेला माणूस सकाळी उठून आधी चहा शोधतो, मग पाव नाहीतर टोस्ट. त्यामुळे दवाखान्यांच्या आसपासच्या बेकरीला गिऱ्हाईक तुटत नाही. कमाई तुटते का, हा वेगळा प्रश्न.

तो प्रश्न मला यंदा चाचांनी विचारला. चाचांची बेकरी जुनी, लाकडाच्या भट्टीची. लादी पाव, टोस्ट, खारी, बटर आणि दिवाळीत नानकटाई. त्यांना आता फिरता ओव्हन घ्यायचाय, म्हणून कर्जाची फाईल करायला आले होते. बँकेने नेहमीचंच मागितलं होतं: तीन वर्षांची विवरणपत्रं आणि विक्रीतली वाढ टक्क्यांत. ते मी तिथल्या तिथे काढून दिलं. आकडा बघून चाचा म्हणाले, "ताई, विक्री वाढली ते मला गल्ल्यावर बसून पण दिसतंय. दहा वर्षांमागे मी जास्त कमवत होतो का आता जास्त कमवतोय, तेवढं सांगा."

साधा प्रश्न. पण त्यांच्याच विवरणपत्रांतून त्याचं उत्तर निघत नाही, हे त्यांना सांगताना मला जरा अवघडल्यासारखं झालं, कारण ती सगळी मीच भरलेली.

कारण असं. छोट्या धंद्यांना आयकरात अंदाजित नफा दाखवायची सोय आहे (ही विवरणपत्रं भरली तेव्हा ती ४४एडी कलमात होती). विक्रीच्या ८ टक्के किंवा त्याहून जास्त रक्कम नफा म्हणून धरायची, सविस्तर हिशोबवह्या ठेवायची सक्ती नाही. २०१६-१७ पासून बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर हेच प्रमाण ६ टक्के झालं. छोट्या माणसाची त्याने खूप दगदग वाचली, मला त्या कलमाबद्दल आदरच आहे. पण त्यातून दिसणारं 'उत्पन्न' हा विक्रीचा ठरावीक हिस्सा असतो, कमाई नसते. मैदा महागला, तुपाचा डबा दुप्पट झाला, कारागीर पळून गेला, यातलं काहीही त्या आकड्यात उमटत नाही. उलट एक गंमत होते. गिऱ्हाईक रोखीऐवजी मोबाईलवरून पैसे द्यायला लागलं की धंदा जसाच्या तसा असूनही कागदावरचा नफा कमी दिसतो, कारण आठाचे सहा टक्के झाले. बँकेतला नवा अधिकारी अशा विवरणपत्रांवरून 'नफ्याचं प्रमाण घसरतंय' असा शेरा मारतो तेव्हा काय बोलावं कळत नाही.

विक्रीचं तरी काय? यूपीआय २०१६ मध्ये आलं, पण आमच्याकडच्या बेकऱ्यांच्या काउंटरवर ते चौकोनी कोडचे फलक नोटाबंदीनंतर हळूहळू आणि कोरोनानंतर सरसकट लागले. त्याआधी गल्ल्यातून घरच्या किराण्याला, पोरांच्या फीला पैसे उचलले जायचे आणि ते लिहून ठेवायची सवय कुणालाच नव्हती. म्हणजे गेल्या दहा वर्षांत वाढलेल्या विक्रीचा काही भाग खरोखर वाढलेला आहे आणि काही भाग नुसता दिसायला लागलेला आहे. दोन्ही एकाच ओळीत येतात.

मग मोजायचं कशात? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, चाचांच्या भिंतीवर होतं. त्यांच्या बेकरीत एका खिळ्याला जुनी कालनिर्णय अडकवलेली आहेत, एकावर एक. प्रत्येक तारखेच्या चौकटीत त्या दिवशी किती पोती मैदा मळला तो आकडा. २, दीड, अडीच. एखाद्या चौकटीत फुली म्हणजे भट्टी बंद. दूधवाल्याचा खाडा जसा लिहितात तसंच. बेकरीवाले आपापसात कधी टक्केवारीत बोलत नाहीत. "पोत्यामागे काय सुटतं?" एवढंच विचारतात. पन्नास किलोचं पोतं बदलत नाही, रुपया बदलतो.

त्या कालनिर्णयांवरून आणि उरलेल्या बिलांवरून मी दोन वर्षं मांडली, २०१४-१५ आणि २०२४-२५. चाचांनी इथे लिहायला परवानगी दिली आहे. ओळख राहू नये म्हणून आकडे थोडे हलवलेत आणि गोल केलेत, पण त्यांचं आपसातलं नातं तेच ठेवलं आहे.

२०१४-१५ मध्ये वर्षाला सातशे पोती. पोत्यामागे विक्री साधारण ३,१५० रुपये. त्यात मैदा ११५०, तूप-साखर-यीस्ट-मीठ मिळून ६५०, लाकूड २५०, कारागिरांची मजुरी ४५०, आणि लाईट बिल, पिशव्या, सायकलवाल्यांचं कमिशन, परत आलेला माल असं किरकोळ २०० धरून खर्च २,७००. सुटले ४५०. म्हणजे वर्षाला बावीस लाखांच्या आसपास विक्री आणि चाचांच्या घरी आले तीन लाख पंधरा हजार.

२०२४-२५ मध्ये पोती ६२०. पोत्यामागे विक्री ६,६००. मैदा १,७५०. तूप-साखर वगैरे १,७००. लाकूड ५५०. मजुरी १,३००. किरकोळ ५५०. खर्च ५,८५०, सुटले ७५०. विक्री एक्केचाळीस लाखांच्या घरात, घरी आले चार लाख पासष्ट हजार.

बँकेला यात दिसतं की विक्री ८६ टक्क्यांनी वाढली. चाचांना दिसतं की सव्वातीनच्या आतबाहेर मिळत होते, आता साडेचारच्या वर मिळतात. पण ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे २०१२ ला १०० धरून काढलेला, २०१४-१५ मध्ये सरासरी ११९ च्या जवळ होता आणि २०२४-२५ मध्ये १९२-१९३ होता. तेव्हाच्या रुपयाची वस्तू आता एक रुपया बासष्ट पैशांना पडते. त्या हिशोबाने आजचे चार लाख पासष्ट हजार म्हणजे तेव्हाचे दोन लाख सत्त्याऐंशी हजार. चाचा दहा वर्षांत नऊ टक्के खाली आलेत, आणि तेही भट्टीसमोर तेवढाच घाम गाळून.

हे मी सांगितल्यावर ते अजिबात दचकले नाहीत. "मग बरोबर," म्हणाले. "घरात मला कोणी ऐकतच नव्हतं."

आता जरा त्या दोन रकान्यांकडे बघू, कारण खरी गोष्ट बेरजेत नाही. मैदा दहा वर्षांत दीडपट झाला. म्हणजे महागाईपेक्षा कमीच. सगळे मैद्याच्या नावाने बोंब मारतात, पण मैद्याने चाचांना मारलेलं नाही. १३ मे २०२२ ला केंद्राने गव्हाची निर्यात बंद केली, त्यानंतरही भाव चढले, पण दहा वर्षांचा हिशोब धरला तर महागाईच्या मागेच राहिले. त्याच वर्षी १८ जुलैला पाकीटबंद पिठावर ५ टक्के जीएसटी आला, तोही २५ किलोपर्यंतच्याच पाकिटांवर. पन्नासचं पोतं त्यातून सुटलं. मारलं ते तुपाने आणि मजुरीने. वनस्पती म्हणजे मुख्यतः पाम तेल, आणि पाम तेल म्हणजे इंडोनेशिया-मलेशिया. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू होऊन सूर्यफूल तेल अडकलं आणि एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यातच थांबवली. ती बंदी २३ मे ला उठली, पण तेवढ्या दिवसांत चाचांनी खारी करणं जवळजवळ सोडलं होतं. खारीच्या पदरांत तूप किती जातं ते ज्याने एकदा लाटताना पाहिलं असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. डब्याचा भाव नंतर उतरला, जुन्या जागी मात्र आला नाही.

मजुरीचं दुखणं वेगळं. ४५० वरून १,३०० म्हणजे जवळपास तिप्पट. पण यातली सगळी वाढ पगाराची नाही. २०१४ मध्ये चाचांचा धाकटा भाऊ आणि थोरला मुलगा पहाटे तीनपासून भट्टीवर असायचे. ते मजुरीत धरलेलेच नव्हते, घरचेच ना! भाऊ आता थकला, मुलगा पुण्याला नोकरीत. त्यांच्या जागी उत्तर प्रदेशातून आलेले दोन कारागीर, राहणं-जेवण धरून. जी मेहनत पूर्वी फुकट होती ती आता वहीत चढली. म्हणजे २०१४-१५ चे तीन लाख पंधरा हजार ही एका माणसाची कमाई नव्हती, तिघांची होती. २०२४-२५ ची एकट्या चाचांची आहे. माणशी बघितलं तर चाचा वर गेलेत! कुटुंब म्हणून बघितलं तर बेकरीतून येणारं कमी झालंय आणि पुण्यातून येणारं वाढलंय. मी दोन्ही आकडे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांना पहिला जास्त आवडला, त्यांच्या बायकोला, म्हणजे चाचींना, दुसरा पटला. चाची टोस्ट पॅकिंगला रोज संध्याकाळी बसतात, त्यांची मजुरी अजूनही कुठल्याच रकान्यात नाही, हे त्यांनी मला चहा देता देता ऐकवलं. चाचा तेवढ्यात उठून बाहेर गेले.

जागेचंही तसंच. बेकरीची जागा स्वतःची आहे, भाडं शून्य. तीच जागा एखाद्या औषधाच्या दुकानाला दिली तर दवाखान्याजवळ असल्याने भाडं चांगलं येईल. किती, ते इथे लिहीत नाही, चाचांच्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर यायला नको. पण ते भाडं कमाईतून वजा केलं तर भट्टीची म्हणून जी कमाई उरते ती बघून माणूस रात्रभर जागा राहील.

दोन वर्षं शेजारी ठेवताना मला सगळ्यात जास्त त्रास दिला तो पंचांगाने. आपल्याकडे बेकरीचा धंदा तारखेवर चालतच नाही. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. नानकटाईचा सगळा जोर दिवाळीआधीच्या पंधरा दिवसांत. त्यामुळे कुणी २०२५ च्या ऑक्टोबरची २०२३ च्या ऑक्टोबरशी तुलना केली तर धंदा उसळलेला दिसेल आणि नोव्हेंबरची नोव्हेंबरशी केली तर मेलेला दिसेल. २०२३ ला अधिक श्रावण आला होता, दोन श्रावण मिळून जवळजवळ दोन महिने अंड्याच्या केकला गिऱ्हाईक रोडावलं. हे वार्षिक बेरजेत बरंचसं जिरतं. रमजान मात्र जिरत नाही.

चाचांच्या भागात रमजान म्हणजे हंगाम. सेहरीसाठी पाव, इफ्तारनंतर खारी-टोस्ट, ईदच्या आदल्या रात्री भट्टी विझतच नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२४ मध्ये ईद ११ एप्रिलला आली आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला. आता आर्थिक वर्ष आठवा: १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. एका रमजानची शेपटी आणि दुसरा पूर्ण रमजान, दोन्ही ईद एकाच वर्षात! कालनिर्णयच्या चौकटीत त्या दिवसांत साडेतीन-चार पोती लिहिलेली आहेत. ज्या वर्षाला आपण 'आत्ताचं' म्हणून धरून बसलोय ते मुळातच फुगलेलं आहे. एका रमजानचं नेहमीसारखं वर्ष धरलं तर पोती सहाशेच्याही खाली जातील.

याचा परिणाम नुसता तुलनेवर झाला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. जीएसटीची नोंदणी मालाच्या विक्रीसाठी चाळीस लाखांवर सक्तीची होते. निव्वळ पाव विकत असता तर प्रश्न नव्हता, पाव करमुक्त आहे. पण खारी-बिस्किटं करपात्र आहेत, आणि एकदा करपात्र माल असला की चाळीस लाखांच्या मोजणीत पावाची विक्रीसुद्धा धरली जाते. दुसऱ्या ईदने चाचांना बरोबर चाळीसच्या पलीकडे ढकललं. नोंदणी घेतली, छोट्यांसाठीची कंपोझिशन योजना पत्करली. उत्पादकाला त्यात एकूण विक्रीवर १ टक्का भरावा लागतो, पावावरचाही. एक्केचाळीस लाखांवर एक्केचाळीस हजार, पोत्यामागे पासष्ट-सहासष्ट रुपये. म्हणजे यापुढे ते ७५० चे ६८५ धरायचे. चंद्रकोरीमुळे कुणी जीएसटीत गेल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

चाचांनी कुरकूर केली नाही, कारण २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात काय झालं ते त्यांना माहीत होतं. तिथल्या व्यापारी कर खात्याने यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना मागच्या वर्षांच्या नोटिसा काढल्या, बेंगळुरूत दुकानांवरचे कोडचे फलक उतरले, 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. शेवटी मुख्यमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं. मिरजेपासून कर्नाटकची हद्द किती लांब? त्या दिवसांत माझा फोन सारखा वाजत होता.

कोणतं वर्ष पाया म्हणून घ्यायचं, यात तर सगळी हातचलाखी असते. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला माझे दुसरे एक अशील आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मूळचे हासन जिल्ह्यातले. गावोगाव 'अय्यंगार बेकरी' अशा पाट्या दिसतात ना, त्या धंद्याचं मूळ तिकडचंच. अण्णांनी मागे एका पुरवठादाराला पत मागताना वाढीचा तक्ता दाखवला होता, २०२०-२१ पासून पुढचा. रेषा अशी काही चढत होती! का नाही चढणार? २०२०-२१ म्हणजे टाळेबंदीचं वर्ष. बेकऱ्या अत्यावश्यक म्हणून उघड्या होत्या, पण वाढदिवस बंद होते, शाळा बंद होत्या, आणि जो तो घरी कुकरमध्ये केक करत होता. त्याच्या मागचं वर्ष घ्यावं तर ऑगस्ट २०१९ चा महापूर, आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर. गावभागातल्या ओळखीच्या एका बेकरीत पोती, तूप, मिक्सर सगळं पाण्याखाली गेलं, ती नंतर उघडलीच नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. सांगलीतल्या कुठल्याही दुकानाची तुलना करताना मी २०१८-१९ च्या आधीचं वर्ष घेते आणि २०२२-२३ च्या नंतरचं. मधली वर्षं वेगळी ठेवते, ती धंद्याबद्दल काहीच सांगत नाहीत, फक्त नशिबाबद्दल सांगतात.

अण्णांचा धंदा चाचांच्या अगदी उलटा. दहा वर्षांत त्यांचा पाव कमी कमी होत गेला आणि केक वाढला. पोत्यामागचा हिशोब त्यांच्याकडे चालत नाही, कारण वाढदिवसाच्या केकमध्ये मैदा नावाला, पैसे क्रीमचे आणि वरच्या नक्षीचे. त्यांची कमाई महागाई वजा जाताही चांगली वाढली आहे. पण तिथे दुसरा गुंता आहे. ते नियमित जीएसटीत, आणि २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत केकवर १८ टक्के होते, त्या दिवसापासून ५ झाले. अण्णा रात्री गल्ला मोजतात आणि डायरीत लिहितात. त्या गल्ल्यात कर मिसळलेला. ५९० रुपयांचा केक विकला की पूर्वी त्यातले ९० सरकारचे होते. आता तोच केक ५२५ ला दिला तरी अण्णांचे ५०० तेवढेच राहतात. डायरीत मात्र विक्री अकरा टक्क्यांनी पडलेली दिसते. ऑक्टोबरमध्ये ते घाबरून आले, दिवाळी असून गल्ला कमी कसा? बॉक्स मोजा म्हटलं. बॉक्स मोजले तर गेल्या वर्षीपेक्षा जास्त निघाले. तेव्हापासून ते बॉक्स लिहितात. चाचांची पोती, अण्णांचे बॉक्स.

घरपोच मागवायच्या ॲपवरून जाणाऱ्या केकचं कमिशन अण्णा विक्रीतून आधीच वजा करून लिहायचे, तेही आता सरळ केलं. त्यावर एवढंच.

एक जुनी गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण वडिलांच्या वहीत ती बघून मी चक्रावले होते. नव्वदच्या दशकातल्या चाचांच्या वडिलांच्या हिशोबात दिवाळीच्या महिन्यात विक्री फारशी नाही आणि नफा भरमसाट. असं कसं? मग आठवलं. आमच्या घरूनच रवा, मैदा, पिठीसाखर, तूप असं सगळं मोजून डब्यात भरून आई बेकरीत द्यायची. नंबर लागायचा. बेकरीवाला किलोमागे मजुरी घ्यायचा आणि संध्याकाळी नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून परत. डब्यावर खडूने किंवा चिठ्ठीवर नाव, आणि तरीही डबे बदलायचे, त्यावरून भांडणं व्हायची. बेकरीवाल्याला यात मालाचा खर्च नाही, नुसती मजुरी आणि लाकूड. विक्री म्हणून थोडीच रक्कम, पण तिच्यातला बहुतेक भाग खिशात. आता घरून सामान आणणारे अगदी थोडे उरलेत, बाकीचे तयार पाकीट घेतात. पाकिटाची विक्री मजुरीच्या कित्येक पट मोठी दिसते, पण किलोमागे चाचांना जे सुटतं ते त्यातून तूप-साखर-पॅकिंग वजा जाऊन. विक्रीच्या आकड्यावरून म्हणाल तर दिवाळीचा धंदा प्रचंड वाढला. चाचांच्या वडिलांना विचारता आलं असतं तर ते नाही म्हणाले असते.

लहान बेकरीला भाव वाढवणंही सरळ जमत नाही. टोस्टचं पाकीट दहाला असतं, ते अकराला जात नाही. सुट्ट्याची कटकट गिऱ्हाईकालाही नको आणि दुकानदारालाही नको. म्हणून वर्ष-दोन वर्षं खर्च वाढत राहतो, भाव तिथेच, आणि पोत्यामागचं सुटणं झिजत जातं. मग एक दिवस दहाचे पंधरा होतात किंवा पाकिटातले दोन टोस्ट गुपचूप कमी होतात, आणि एकदम सुटायला लागतं. मोठ्या बिस्किट कंपन्या पाच रुपयांच्या पुड्याचं वजन वर्षानुवर्षं ग्रॅमाग्रॅमाने उतरवत आल्या, त्यांचं यंत्र ते करू शकतं. हातावर कापणाऱ्या कारागिराला ग्रॅम कुठून जमणार. आणि लादी पाव बारीक झाला की वडापाववाला दुसऱ्या दिवशी बदलतो. तर चाचांची कमाई जिन्यासारखी आहे, भाववाढीच्या पुढच्या वर्षी वर, आधीच्या वर्षी तळाला. माझी दोन्ही वर्षं पायरीच्या साधारण मध्यावरची आहेत, ते मी तपासून घेतलं होतं.

आता ओव्हनबद्दल. मुंबईत उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं. आमच्याकडे तसा हुकूम नाही, पण चाचांचे मेव्हणे मुंबईत याच धंद्यात आहेत, त्यामुळे चाचांनी मनाची तयारी केली आहे. शिवाय पहाटे तीनला भट्टी पेटवणारा माणूस यापुढे मिळणं कठीण. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या २०२५-२६ पर्यंतच्या योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख अनुदान मिळतं, पण ते हातात पडत नाही, बँकेत वेगळं राहतं आणि तीन वर्षांनी कर्जात वळतं होतं. तोवर हप्ता पूर्ण. नऊ लाखांचा ओव्हन-मिक्सर धरला आणि दहा टक्के पदरचे घातले, तर पाच वर्षांसाठी हप्ता महिन्याला साडेसतरा हजारांच्या आसपास जातो.

इथे पुढच्या वर्षांची तुलना पुन्हा बिघडणार हे मला आत्ताच दिसतंय. सविस्तर हिशोब ठेवला तर हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात जातं, मुद्दल जात नाही. त्याऐवजी घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेची वजावट लागते, ती वेगळ्याच चालीने उतरते. कागदावर चाचा नफ्यात असतील आणि महिनाअखेरीला खिसा रिकामा असेल. म्हणून मी हप्तासुद्धा पोत्यांत करून दाखवला. जादा होणारा माल घाऊक पावाचाच जाणार, हॉटेलांना, कमी भावात. त्यात कारागीर तेच राहिले तरी पोत्यामागे नऊशे सुटतील फार तर. म्हणजे महिन्याला एकोणीस-वीस पोती जास्त.

चाचांनी बोटांवर मोजलं. "वीस पोती म्हणजे रोजचे नऊशे-हजार पाव. मिशनच्या चौकातले गाडेवाले घेतील त्यातले तीनशे." थोडं थांबून म्हणाले, "मेसवाल्यांना विचारतो. नर्सिंगच्या पोरींच्या दोन मेस आहेत. त्यांनी हो म्हटलं तर फाईल पाठवा, नाहीतर राहू दे अजून दोन महिने."

दोन महिन्यांनी रमजान लागतो. त्या महिन्याचे आकडे घेऊन बँकेत जायचं नाही, एवढं आमचं ठरलंय.